खोक्यात बसून रडणारी अकारी : बॅटल ॲथलीट्स व्हिक्टरी

एक मुलगी शर्यत हरते आणि येऊन पुठ्ठ्याच्या खोक्यात बसते. खरोखरच्या खोक्यात, आपल्याकडं टीव्ही फ्रीज घेतल्यावर येतं तसल्या, आत शिरायचं आणि रडायचं, कुणी हाक मारली तरी बाहेर यायचं नाही. हे बघितल्यावर मी तिथंच पॉज केलं, कारण शेजारी माझी भाची बसली होती आणि मागच्या डिसेंबरात तालुक्याच्या स्पर्धेत ८०० मीटरला चौथी आल्यावर ती घरी येऊन गाद्यांच्या थप्पीमागं दीड तास बसली होती, जेवायलासुद्धा उठली नव्हती. मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, मावशी लाव ना पुढं.

तर ही ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून सीरिज. नाव बॅटल ॲथलीट्स व्हिक्टरी, जपानी नाव बॅटल ॲथलीटेस दाइउन्दोकाई. जुनी आहे, ऑक्टोबर १९९७ ते मार्च १९९८ अशी जपानच्या टीव्ही टोकियोवर लागायची, एकूण २६ एपिसोड, एआयसी नावाच्या स्टुडिओनं केलेली. मूळ कल्पना हिरोकी हायाशी यांची, डायरेक्टर कात्सुहितो अकियामा आणि लिहिणाऱ्यांत मुख्य नाव हिदेयुकी कुराता. माझ्या मावसभावानं अमेरिकेतून जुन्या डीव्हीडींचा सेट पाठवला म्हणून आम्हाला बघायला मिळाली (त्या डीव्हीडी तिकडच्या रीजनच्या असल्यामुळं आपल्या साध्या प्लेयरवर चालत नाहीत, लॅपटॉपला ड्राइव्ह लावून बघाव्या लागतात, कुणी मागवणार असाल तर हे आधी लक्षात घ्या).

गोष्ट घडते इसवी सन ४९९९ मधे. माणूस सगळ्या सूर्यमालेत पसरलाय, आणि दरवर्षी एक प्रचंड मोठी क्रीडास्पर्धा होते, जिंकणाऱ्या मुलीला कॉस्मो ब्यूटी म्हणतात. नाव ऐकून सौंदर्यस्पर्धा वाटेल पण तसं काही नाही, हा सगळ्यात मोठ्या खेळाडूचा किताब आहे. त्या स्पर्धेला उतरायचं तर आधी पृथ्वीवरच्या ट्रेनिंग स्कूलमधून निवडून यावं लागतं, मग अंतराळात युनिव्हर्सिटी सॅटेलाइट म्हणून एक अख्खं विद्यापीठ आहे तिथं जायचं, आणि तिथं टिकलात तर पुढं स्पर्धा. आपली हिरॉइन अकारी कान्झाकी अंटार्क्टिकावरच्या ट्रेनिंग स्कूलमधे आहे. तिची आई तोमोए मिडो, एकेकाळची दंतकथा झालेली कॉस्मो ब्यूटी, आता हयात नाही. आणि मुलगी सगळ्यात शेवटी येते. प्रत्येक वेळी. सगळ्यांना माहितीय ती कुणाची मुलगी आहे, म्हणजे हरणं नुसतं हरणं राहत नाही, दर वेळी आईच्या नावालाही बट्टा लागल्यासारखं होतं.

मी स्वतः शाळेत असताना पळायचे, ८००च, जिल्ह्यापर्यंत गेले, पुढं काही जमलं नाही. त्यामुळं खेळावरचं काही बघायला बसले की माझं लक्ष हिरो कधी जिंकतो याच्यापेक्षा जो मागं राहिला त्याचं काय होतं याच्याकडं जास्त जातं, आणि बऱ्याच सिनेमांत त्याचं काहीच होत नाही, तो फ्रेममधून निघून जातो, बस. ही सीरिज मला मनापासून आवडली त्याचं एकच कारण आहे, हिनं हरणाऱ्या मुलींना फ्रेममधून जाऊ दिलेलं नाही. अंतराळ, परग्रहवासी, वर्ष ४९९९ हे सगळं आहेच पण खरी सीरिज त्या मुलींची आहे.

इचिनो घ्या. इचिनो यानागिदा, ओसाकाची, अकारीची जिवलग मैत्रीण. ओसाकाची बोली टोकियोच्या प्रमाण जपानीपेक्षा वेगळी, मोकळी, ठसक्याची, जपानी लोकांना ऐकल्या ऐकल्या कळतं की ही ओसाकाची, जसं आपल्याकडं कुणी "काय बे" म्हटलं की नागपूर आणि "काय लेका" म्हटलं की कोल्हापूर. सबटायटलमधे ते सगळं येत नाही पण आवाजात येतं, ती बोलायला लागली की सीन जागा होतो. ती अकारीला खोक्यातून बाहेर काढते, रागावते, खायला लावते, पळायला लावते. आणि ती स्वतःही खेळाडू आहे हे आपण हळूहळू विसरायला लागतो, तिलाही सॅटेलाइटवर जायचंय, तिचंही स्वप्न तेच आहे, आणि जागा मोजक्याच आहेत. इथंच सीरिज पकडते. मैत्रिणीला पळायला शिकवायचं, आणि ती इतकी चांगली पळायला लागली की आता तुझ्याच जागेवर येणार, मग काय करशील?

अंटार्क्टिकाचा भाग जिथं संपतो तो एपिसोड मी दोनदा बघितला. काय होतं ते पूर्ण सांगत नाही, इतकंच सांगते की इचिनो मागं राहते, अकारी पुढं जाते, आणि इचिनो अकारीला सांगते की तुझ्यावर माझं प्रेम आहे. मैत्रीतलं नव्हे, प्रेमच. १९९७ सालच्या टीव्ही सीरिजमधे एका मुलीचं दुसऱ्या मुलीवरचं प्रेम असं सरळ, गंभीरपणे, हसण्यावारी न नेता दाखवलंय याचं मला खूप कौतुक वाटलं. भाची बारा वर्षांची आहे, ती एवढंच म्हणाली की मग अकारीनं तिला सोडून जायला नको होतं. आणि मग थोड्या वेळानं, पण गेली नसती तर इचिनोला अजून वाईट वाटलं असतं. मी तिच्याकडं बघतच राहिले, एवढं मला तिच्या वयात कळत नव्हतं.

आमच्या वेळी, म्हणजे मी पळायचे तेव्हा, सरावाला माझ्याबरोबर एक मुलगी होती, माझ्यापेक्षा चांगली होती, ८००मधे पहिला राउंड दाबून पळायची आणि दुसऱ्या राउंडला शेवटच्या दोनशेला सुटायची, मी तिच्या मागं लागून लागूनच टायमिंग कमी केलं. मग दहावीनंतर तिचं लग्न झालं. आमच्या त्यावेळच्या सरांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं की रडायचं असेल त्यांनी घरी जावा, इथं वेळ घालवू नका, आणि ती खरंच त्या दिवशी रडत होती, घरचं काहीतरी चालू होतं, कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. इचिनोचा तो एपिसोड बघताना मला सारखी ती आठवत होती. खोक्यातून बाहेर काढणारं कुणीतरी लागतंच, आणि त्या कुणालातरी पण एखाद्या दिवशी खोकं लागतं.

जेसी गर्टलंड म्हणून अजून एक आहे, अमेरिकन, गर्विष्ठ, अकारीला तुच्छ लेखणारी. पहिल्या दोन एपिसोडांत वाटतं ही नेहमीची खडूस मुलगी, पण तिलासुद्धा लिहिणाऱ्यांनी माणूस केलंय, आणि अंटार्क्टिकाचा भाग संपेपर्यंत मला ती इचिनोइतकीच आवडायला लागली होती.

आता जपानी नावाबद्दल, कारण त्याच्याशिवाय ही सीरिज अर्धीच कळते. उन्दोकाई म्हणजे जपानच्या शाळांतला क्रीडादिन, आणि दाइ म्हणजे मोठा, म्हणजे या सीरिजचं नाव सरळ सरळ "महाक्रीडामहोत्सव" असं झालं. तिथं उन्दोकाई म्हणजे अख्ख्या घराचा सण असतो, लाल आणि पांढरा असे दोन गट, रस्सीखेच, तीन पायांची शर्यत, उंच टोपलीत चेंडू टाकायचे, रिले, आई वडील आजी आजोबा मैदानाच्या कडेला चटया टाकून डबा खात बसलेले. पहिला उन्दोकाई १८७४ मधे टोकियोच्या त्सुकिजी भागात नौदलाच्या शाळेत झाला, इंग्रज शिक्षकांच्या पुढाकारानं, आणि मग शाळाशाळांत गेला. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकचं उद्घाटन १० ऑक्टोबरला झालं म्हणून दोन वर्षांनी तो दिवस क्रीडादिनाची राष्ट्रीय सुट्टी केला. तेव्हा तीन हजार वर्षांनंतरची, सूर्यमालेची, मानवजातीच्या भवितव्याची स्पर्धा आणि तिला नाव काय, तर शाळेच्या गॅदरिंगातल्या खेळांचं! जपानी माणसाला हे ऐकूनच आईचा डबा आठवत असणार, आणि अकारीला आईच नाहीये, हे नावातच बसलेलं दुःख मला उशिरा लक्षात आलं.

त्याच ऑलिम्पिकचा अजून एक धागा आहे. तिथं जपानच्या महिला व्हॉलीबॉल संघानं शेवटच्या सामन्यात सोव्हिएत संघाला हरवून गोल्ड घेतलं, त्या बहुतेक मुली ओसाकाजवळच्या काइझुका इथल्या निचिबो कापडगिरणीत काम करणाऱ्या होत्या, दिवसा काम आणि मग रात्री उशिरापर्यंत सराव, कोच हिरोबुमी दाइमात्सु त्यांना जमिनीवर लोळण घेऊन बॉल उचलायला लावायचे, पुन्हा पुन्हा. जगानं त्यांना पूर्वेच्या चेटकिणी असं नाव दिलं होतं. त्या विजयानंतर जपानमधे मुलींच्या खेळावरच्या कॉमिक्स आणि ॲनिमेची लाटच आली, घाम, अश्रू, कडक कोच, हार आणि पुन्हा उभं राहणं. त्याला तिकडं स्पोकोन म्हणतात, स्पोर्ट्स आणि कोन्जो म्हणजे जिद्द हे दोन्ही जोडून केलेला शब्द. बॅटल ॲथलीट्स ही त्या घराण्यातली नात आहे, फक्त तिला नेलं अंतराळात. म्हणून यात एवढं रडणं आहे. काही लोक याला मेलोड्रामा म्हणून सोडून देतील पण मैदानावर गेलेल्या कुठल्याही मुलीला विचारा, चेंजिंग रूममधे किती रडलं जातं ते.

सॅटेलाइटवर गेल्यावर सीरिजचा रंग बदलतो. अकारीला वाटलेलं असतं की आपण आता कुणीतरी झालो, आणि इथं सगळ्याच आपापल्या ठिकाणच्या पहिल्या आलेल्या, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रूममेट दोन, एक क्रिस ख्रिस्तोफर, चंद्रावर वाढलेली, एका धर्मपंथातली, शांत, प्रेमळ, जरा वेगळ्याच जगात असलेली, आणि दुसरी ॲना, बुजरी, लहानखुरी. ॲनाबद्दल मी एक शब्द जास्त सांगणार नाही, बघाच. मग तान्या, आफ्रिकेची, हातापायांवर जनावरासारखी धावणारी, आणि लिंग-फा वाँग, चिनी, श्रीमंत, सगळं पैशानं होतं असं मानणारी, या दोघींचं सतत भांडण. आयला रोझनोवस्की, रशियन, शिस्तीची. आणि सगळ्यांच्या वर लारी फेल्डनंट, कॉस्मो ब्यूटी, जिच्याकडं सगळ्याजणी मान वर करून बघतात.

लारीचं कॅरेक्टर मला फार जवळून लिहिलेलं वाटलं. शिखरावर जी एकटी उभी असते तिला हरवायला येणारं कुणी नसेल तर ती कशासाठी पळते, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर कायम असतो. आणि मायलँडा, जी लारीच्या मागं इतकी लागलेली आहे की स्वतःचं असं तिच्याकडं काही उरलेलंच नाही, तिचे सीन बघताना मला भीतीच वाटली, कारण असं एखाद्या मुलीच्या मागं लागून स्वतःला संपवणारं पोरगं किंवा पोरगी प्रत्येक मैदानावर एखादं असतंच आणि बाकीचे त्याला जिद्द म्हणत राहतात.

जे मला खटकलं तेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगते. तान्याचं चित्रण. आफ्रिका म्हणजे जंगल, जनावरं, हातापायांवर धावणं, हे बघून वाईट वाटलं, पुढं तिला मन दिलंय, घर दिलंय, तिच्यावरून डोळ्यात पाणी येतं असेही सीन आहेत, पण सुरुवातच चुकीच्या ठिकाणाहून केलीय. भाचीला मी तिथं थांबवून सांगितलं की धावण्याचे लांब पल्ल्याचे रेकॉर्ड बघ, केनिया आणि इथिओपियाच्या मुली कुठं आहेत ते बघ, मग हे बघ.

दुसरं कपडे आणि कॅमेरा. त्या काळी जपानच्या शाळांत मुलींना पीटीला ब्लूमर म्हणून घट्ट तोकड्या चड्ड्या घालायला लावायचे, मुलींना त्या नकोशा व्हायच्या, त्यांच्या तक्रारींमुळं नव्वदच्या दशकात त्या हळूहळू बंद होत गेल्या. सीरिजमधे तेच आहेत आणि कॅमेरा कधीकधी नको तिथं जातो, अंघोळीचे सीनही आहेत. आमच्याकडं अजून मुलगी शॉर्ट्स घालून रस्त्यावर सरावाला निघाली की चार लोक बघतात, दोन लोक घरी येऊन सांगतात, माझ्या बहिणीनं हे ऐकून घेऊन लेकीला पळायला सोडलंय. जिथं मुलगी जीव तोडून पळतेय तिथं तरी कॅमेऱ्यानं तिचा चेहरा बघावा, पाय बघायचे तर ते कसे टाकतेय ते बघावं. चांगली गोष्ट ही की सीरिज जसजशी गंभीर होते तसतसं हे कमी होत जातं. पण लहान मुलींबरोबर बघणार असाल तर आधी एकदा स्वतः बघून घ्या, मी दोन तीन ठिकाणी पुढं ढकललं.

चित्रं हातानं रंगवलेल्या सेलची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांवरची आहेत, तो जमाना संपत आला होता तेव्हाची, रंगांना एक ऊब आहे. पैसे कमी पडलेत हेही दिसतं, पळण्याचे सीन पुष्कळदा मागं रेषा सरकतायत आणि पुढं चेहरा असे आहेत, तेच तेच पाय परत येतात. पळणाऱ्या माणसाच्या नजरेनं बघितलं तर हातांची हालचाल बरेचदा चूक आहे, कोपर असं बाहेर फेकून कुणी वेग घेत नाही. पण शेवटच्या शंभर मीटरला तोंडाचं जे होतं, जबडा सैल, डोळे कुठंच बघत नाहीत, कान बंद झाल्यासारखे, ते त्यांनी बरोबर पकडलंय. आठशेच्या दुसऱ्या राउंडला, बेल वाजल्यानंतर, दोनशे राहिलेत तिथं अगदी तसंच होतं, पाय आपले वाटत नाहीत. भाचीनं ते बघून माझा हात धरला, बोलली काही नाही.

शेवटचा भाग परग्रहवासीयांचा, नेरिलियन त्यांचं नाव. फार पूर्वी त्यांनी माणसावर हल्ला केलेला असतो आणि युद्धानं नाही तर खेळाच्या सामन्यानं त्याचा निकाल लागलेला असतो, आणि आता ते परत येतात. अनेकांना हा भाग आवडत नाही, म्हणतात की एवढी छान मुलींची गोष्ट होती आणि कुठं नेली. मला हे थोडं पटतं, एपिसोड घाईत आहेत, सूट, यानं, मोठमोठे डायलॉग, आणि काही मुली ज्यांच्याबद्दल आपल्याला जाणून घ्यायचं होतं त्या गर्दीत हरवतात. पण एक गोष्ट मला इथं फार भावली. जुन्या मुली परत येतात. जी मागं राहिली होती ती. जिला वाटलं होतं आपलं संपलं ती. कॉस्मो ब्यूटी कोण हा प्रश्न बाजूला पडतो आणि ज्यांना यादीतून काढलं होतं त्या एकमेकींसाठी उभ्या राहतात. इचिनो पुन्हा दिसली तेव्हा भाची सोफ्यावर उभी राहिली.

कुठून सुरुवात करायची हे विचारणाऱ्यांसाठी : हीच टीव्ही सीरिज आधी बघा. सहा भागांची एक ओव्हीए (टीव्हीवर न लावता थेट कॅसेटवर आणलेली सीरिज) पण आहे, १९९७ मधेच सुरू झालेली, तीत पात्रं तीच पण गोष्ट वेगळ्या वळणानं जाते आणि अंटार्क्टिकाचा तो संथ, दुखरा भाग तिच्यात नाहीच म्हटलं तरी चालेल. २०२१ मधे रीस्टार्ट नावानं बारा एपिसोडचं नवं पर्व आलं, त्यात साल आहे ५१०० आणि हिरॉइन कानाता आकेहोशी. मी पाच एपिसोड बघितले, डिजिटल चित्रं चकचकीत आहेत, कट कारस्थान भरपूर आहे, पण मुलींना हरायला आणि हरून बसायला वेळच दिलेला नाही, मला पुढं जावंसं वाटलं नाही. भाचीनं तर दुसऱ्यालाच सोडलं.

तुमच्या घरी खेळणारी मुलगी असेल, कबड्डी असो खोखो असो पळणं असो, तर निदान अंटार्क्टिकाचा भाग तिच्याबरोबर बसून बघा, एका रविवारी दोन बैठकींत होतो. सबटायटल वाचता येत नसतील तर तुम्ही वाचून सांगा, मी सुरुवातीला तसंच केलं, मधे मधे इचिनोचे डायलॉग मी आमच्याकडच्या भाषेत टाकले, "उठ की गं बाई, किती रडशील" असे, ते तिला फार आवडले.

परवा तालुक्याचे हीट्स होते. ती तिसरी आली, पुढच्या फेरीत गेली. तिच्या शाळेची अजून एक मुलगी सातवी आली आणि गाडीमागं जाऊन बसली. आमची पोरगी पाण्याची बाटली घेऊन तिच्याकडं गेली आणि बराच वेळ दोघी तिथंच बसून होत्या, पळायचे खिळ्यांचे बूट न काढता.